उजाडेपर्यंत काल

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वावराला थ्री फेज विजेची रात्रपाळी आली, की बाबा हरभऱ्याला ओलित करायला साडेबाराला उठतात आणि मीही ओसरीवर लॅपटॉप उघडून बसतो. नेमक्या त्याच वेळी माझी एक टेस्ट, म्हणजे हप्त्यांचा हिशेब करणारा आमचा प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम, नापास होत असे. दिवसा तिची काहीच तक्रार नसे आणि दूरच्या सर्व्हरवर तर ती अष्टौप्रहर पास होई. त्यामुळे दोष माझ्या लॅपटॉपचाच, असे सहकाऱ्यांनी ठरवून टाकले होते.

आज मुदत असलेल्या हप्त्याचे थकलेले दिवस शून्य यावेत, एवढीच तिची अपेक्षा होती; रात्री मात्र ते उणे एक येत. टेस्ट ‘आज’ माझ्या लॅपटॉपच्या घड्याळावरून ठरवी, तर प्रोग्रॅम तो यूटीसीवरून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरून, काढी. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोघांच्या तारखा जुळत नसत. सर्व्हरचे घड्याळच यूटीसीवर, म्हणून तिथे सारे आलबेल.

आधी मी लॅपटॉपही यूटीसीवर लावला आणि दोन रात्री निवांत झोपलो. टेस्ट पास झाली खरी, पण रात्री साडेबाराला हप्ता भरणाऱ्याची तारीख चुकतच राहिली. अखेर हिशेबाच्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला, घड्याळ पाहण्याचीच मनाई केली. क्षण आणि टाइमझोन, दोन्ही त्याला बाहेरून द्यायचे. टेस्टमध्ये मी 29 फेब्रुवारी 2024 ची रात्र, साडेबाराची वेळ आणि आशिया/कोलकाता हा टाइमझोन लिहिला. यूटीसीत तेव्हा 28 तारखेचे सायंकाळचे सातच वाजलेले असतात. आता कोणत्याही यंत्रावर, भर मे महिन्यात चालवली, तरी त्या टेस्टपुरती लीप वर्षातली तीच रात्र असते. दोन सेकंद खरोखर थांबणाऱ्या दुसऱ्या एका टेस्टलाही मग हाताने पुढे सरकवता येणारे खोटे घड्याळ दिले.

चिखलाचे पाय धुऊन बाबा वही घेऊन बसले, तेव्हा मी त्यांना नवी तारीख सांगितली.

“अजून उजाडलं नाई, तं आज कसा झाला?”

पंचांगातही सूर्योदयाची तिथीच त्या दिवसाची धरतात, त्यामुळे मला उत्तर सुचेना. शिवाय त्या घटकेला ते आणि सर्व्हर एकाच तारखेत होते. त्या पाण्याची नोंद वहीत आदल्या तारखेलाच झाली.