कऱ्हाड सापडेना, तेव्हा

एका वाचनालयाची जुनी संगणकीय ग्रंथयादी नव्या प्रणालीत आणण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले. यादी उघडली तेव्हा लक्षात आले की तिच्यातील मराठी केवळ दिसण्यापुरती मराठी होती: जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर प्रत्येक ग्रंथनाम निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटत होते. भारतीय लिप्यांतली अक्षरे संगणकात साठवण्यासाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच आले होते. छपाईच्या सोयीसाठी घडवलेल्या फॉन्टांनी मात्र आपापली वाट धरली.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणाऱ्या मानकात, रूपांतर केले की प्रश्न मिटेल, ही माझी समजूत फार टिकली नाही. ‘कऱ्हाड’ शोधल्यावर दिसलेल्या नोंदींपेक्षा कपाटातली पुस्तके बरीच जास्त होती. त्या शब्दातला अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो: एक, ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह); दोन, साधा ‘र’, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त; तीन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. वाचकाला तिन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला नाही. पहिली दोन रूपे युनिकोड समतुल्य मानते, त्यामुळे प्रमाणीकरणाचा, म्हणजे समतुल्य रूपे एका रूपात आणण्याचा, नियम पाळणारी प्रणाली ती आपोआप एकत्र आणते. तिसऱ्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो. बिऱ्हाड, कुऱ्हाड, वाऱ्यावर असे शब्द मराठीत पदोपदी येत असल्याने ही अडचण किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

लिपीनंतर नोंदीचा साचा. जुन्या यादीत लेखक, ग्रंथनाम आणि आवृत्ती एकाच रकान्यात कोंबलेली होती. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरॅम यांच्या पुढाकाराने घडलेल्या ‘मार्क’ या संगणकीय ग्रंथनोंदीच्या साच्यात मुख्य लेखक १०० क्रमांकाच्या क्षेत्रात आणि ग्रंथनाम २४५ मध्ये जाते. हे आकडे रुक्ष आहेत खरे, पण मराठीचे अक्षरही न वाचता येणाऱ्या ग्रंथपालाला २४५ मध्ये काय असणार हे ठाऊक असते, आणि आपली नोंद दुसऱ्या ग्रंथालयाला देता येते ती एवढ्याच बळावर.

आता शोधासाठी टंकलेला शब्द आधी एका ठरलेल्या रूपात आणला जातो. नव्या नोंदी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावरच होतात, कारण तिथे ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे. जुन्या नोंदी मात्र अजून निम्म्याच तपासून झाल्या आहेत.