भाकऱ्या शोधल्या तर शून्य: घरच्या सर्व्हरच्या लॉगची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत तोऱ्यात लिहिलं होतं की लॉग (सर्व्हर स्वतःच लिहितो ती घडामोडींची रोजनिशी) गोळा करून शोधायला आणि चित्रात बघायला आता इलॅस्टिकसर्च, लॉगस्टॅश आणि किबाना हे त्रिकूट बसवतो आणि डॅशबोर्डचा फोटो टाकतो. ते बारगळलं. २ जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकावर ते त्रिकूट म्हणजे सायकलच्या कॅरियरवर गोदरेजचं कपाट. पाय स्वॅपमध्ये गेला (मेमरी संपली की संथ साठवणीवर काम भागवणं), दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरायलाही मिनिटं लागायला लागली, शेवटी सगळं पुसून टाकलं. दिवसाला दोन-तीन हजार ओळी पडतात, त्यासाठी एवढा लवाजमा कशाला हे मला आधीच सुचायला हवं होतं.

नवीन मंडळींसाठी: या पायवर माझ्या मावशीच्या वह्यांमधल्या पाककृतींची साइट चालते. पुढे दारावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंद डब्यात) पायथनचं छोटं ॲप, ते चालवतो गनिकॉर्न. वापरणारे म्हणजे घरचे, शेजारचे आणि जगभरचे बॉट.

मग परत टर्मिनलमधल्या जुन्या आज्ञांकडे आलो. ओळी शोधणारं ग्रेप १९७३ चं, रकाने काढणारं ऑक १९७७ चं, दोन्ही माझ्याहून वडील. ॲक्सेस लॉगमधून ऑकने नववा रकाना काढायचा, तो सॉर्टला, मग मोजणीसह युनिकला द्यायचा, की कोणता स्टेटस कोड (विनंतीचं काय झालं ते सांगणारा आकडा) किती वेळा आला ते समोर. पण माझ्या यादीत २००, ३०४, ४०४ यांच्या खाली एक भलताच मजकूर दिसला: वजाचिन्ह, अवतरणात. कुणीतरी साध्या एचटीटीपी पोर्टवर टीएलएसची (एचटीटीपीएसमागच्या कूटबद्ध जोडणीची) बोलणी सुरू केली होती. तशा ओळीत विनंतीच्या जागी ‘एक्स१६ एक्स०३ एक्स०१’ असा सलग कचरा येतो. तिथे तीन शब्दांऐवजी एकच, म्हणून पुढचे रकाने दोन घरं मागे सरकतात आणि ४०० हा कोड सातव्यात जाऊन बसतो. आता ओळ मोकळ्या जागेवर तोडत नाही, अवतरणचिन्हावर तोडतो. आणखी एक: लॉगरोटेटने जुन्या फाईली जीझेड करून, म्हणजे दाबून लहान करून, ठेवलेल्या असतात. मी दोन दिवस फक्त चालू फाईल चाळून ‘असं कधीच झालं नाही’ म्हणत होतो. दाबलेल्या फाईलींतही शोधणारं झेडग्रेप वापरा.

लॉगची आकडेवारी दाखवणारं गोॲक्सेस पाच मिनिटांत बसलं, चित्र छान दिसतं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जीव जडला तो एलनॅव्ह या लॉग वाचायच्या साधनावर. दोन-तीन लॉग एकदम द्या, तो वेळेनुसार एकत्र विणतो. ‘ई’ दाबलं की पुढची एरर, ‘आय’ दाबलं की कोणत्या वेळी किती ओळी पडल्या त्याचा आलेख, अर्धविराम दाबला की थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला विचारतात तसे प्रश्न. तेही टर्मिनलमध्येच, वेगळा सर्व्हर नको.

त्याच्यामुळेच गुरुवारचं कोडं सुटलं. रात्री नऊच्या सुमारास मावशीच्या फोनवर ‘५०२ बॅड गेटवे’. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये २१:१२ ला ५०२ नोंदलेला. ॲपच्या लॉगमध्ये त्या वेळी चिडीचूप. मी नेटवर्क तपासलं, केबल बदलली, राउटरला शिव्या घातल्या.

खरं तर तो आकडाच सांगत होता. ५०४ आला असता तर एनजिनएक्स वाट बघून कंटाळलं असं म्हणता आलं असतं, त्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद. ५०२ म्हणजे पलीकडच्याने फोन मध्येच ठेवला. आणि गनिकॉर्न ३० सेकंदांत उत्तर न देणाऱ्या वर्करला (विनंती हाताळणाऱ्या प्रक्रियेला) सरळ मारून टाकतो, तशी ‘वर्कर टाइमआउट’ ही ओळही लिहितो. ती ओळ एलनॅव्हमध्ये सापडली, पण १५:४२ ला. २१:१२ वजा साडेपाच तास. कंटेनर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) राहतो आणि मी डोंबिवलीत. गनिकॉर्नने वेळेला चिकटून +०००० असं स्पष्ट छापलंही होतं, मी ते दागिन्यासारखं बघून पुढे गेलो होतो. मावशीने ‘सगळी वही पीडीएफ करा’ हे बटण दाबलं होतं, आणि पायला तेवढं ३० सेकंदांत झेपलं नाही. ते काम आता मागच्या रांगेत टाकलंय.

यूटीसीचा आणखी एक चिमटा आपल्यालाच बसतो. तासातासाची मोजदाद यूटीसीवर केली की आपल्याकडचा प्रत्येक गठ्ठा साडेसात ते साडेआठ असा पडतो. पूर्ण तासांचा फरक असणाऱ्या देशांत हे कुणाच्या ध्यानातही येत नसेल. मोजण्याआधी १९८०० सेकंद मिळवा.

शनिवारी वीज गेली आणि आल्यावर लॉग उलटा वाहायला लागला: सव्वासहानंतर पुन्हा पाच पंचावन्न. पाय ४ ला घड्याळाची बॅटरी नसते. उठल्यावर तो शेवटची साठवलेली वेळ धरून बसतो आणि नेट मिळालं की उडी मारतो. जर्नलसीटीएल या लिनक्सच्या लॉग-आज्ञेत बूटनुसार (संगणक सुरू झाला त्या प्रत्येक वेळेनुसार) यादी निघते आणि बूटपासूनचे सेकंदही दाखवता येतात, त्यावरून क्रम लावला. घड्याळाचं मॉड्यूल मागवलंय.

आता शीर्षकातलं. मावशीचा फोन: “अरे, भाकऱ्या शोधल्या तर काहीच नाही म्हणतंय. अर्धी वही भाकऱ्यांचीच आहे ना?”

“तू बरोबर टाइप केलंस ना?”

“मला भाकरी लिहायला शिकवतोस?”

लॉगमध्ये ‘भाकऱ्या’ ग्रेप केलं. एकही ओळ नाही. म्हणजे मावशीने शोधलंच नाही? शोधलं होतं. ब्राउझर देवनागरी टक्के लावून पाठवतो. एकटा ‘भ’ म्हणजे टक्का ई०, टक्का ए४, टक्का एडी, नऊ चिन्हं. ‘भाकऱ्या’त असे सात तुकडे, एकूण ६३ चिन्हं. ॲपच्या जेसॉन (नाव-किंमत जोड्यांच्या) लॉगमध्ये तोच शब्द तिरक्या रेघेपुढे यू०९२डी असा वेगळ्याच वेशात, कारण पायथन मूळ सेटिंगमध्ये सगळं आस्कीत, म्हणजे जुन्या इंग्रजी चिन्हसंचात, कोंबतो. तो पर्याय बंद केला, एनजिनएक्सच्या ओळी पायथनने उलगडल्या आणि शून्य निकालाचे शोध वेगळे काढले.

त्यात ‘भाकऱ्या’ दोनदा आला. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब. बाइट मोजले तर एक २१ चा, दुसरा २४ चा. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर) हा जोडक. तिसरा प्रकारही असतो, ‘र’ खाली नुक्ता, तो यादीत नव्हता पण कधीतरी येणारच. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायचा नियम) नुक्तावाल्याला ‘ऱ’ करून देतं, झेडडब्ल्यूजेवाल्याला हातही लावत नाही, त्यासाठी बदलाची एक ओळ स्वतः लिहावी लागली. मावशीचा कीबोर्ड झेडडब्ल्यूजेवाला. माझा नाही, म्हणून माझ्या चाचणीत सगळं आलबेल. दऱ्या, सुऱ्या, कैऱ्या, सगळ्यांना ही एक ओळ पुरते. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा बग जन्मात भेटणार नाही.

पुढच्या वेळी ड्रेन बघायचंय. सारख्या ओळींमधला बदलता भाग बाजूला काढून साचे शोधणारी ही पद्धत, २०१७ चा शोधनिबंध आहे, पायथनमध्ये ड्रेन३ मिळतं. ॲपच्या लॉगवर चालवून किती साचे निघतात ते लिहीन.

तोवर शून्य निकालांच्या यादीत सगळ्यात वर थालीपीठ आहे, चार वेगवेगळ्या ऱ्हस्वदीर्घांत. त्याला एनएफसी काय करणार. ते चारही हाताने टाकले, आणि मावशीने फोनवरून पाचवं सांगितलं.