आईचा अभ्यास आणि मुलीची गोष्ट

फोंड्याहून ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात पीएचडीसाठी ये-जा करणाऱ्या आईला वेळ आपोआप मिळत नाही. तो घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवून घ्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार महिला संशोधकांना पीएचडीच्या संपूर्ण कालावधीत मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. ही तरतूद अनेकींना ठाऊक नसते, म्हणून ती येथे आवर्जून नोंदवते.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयात दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासापेक्षा अधिक नसावा, त्यामुळे तिच्या हाती मोबाईल देऊन प्रबंध लिहिणे मला पटत नाही. मी लिहायला बसले की तीही शेजारी चटईवर रंगखडू मांडून बसते आणि मधूनच विचारते, “आई, तुझं पान संपलं?” अशा वेळी “गप्प बस” म्हणण्याऐवजी “हे पान झालं की गोष्ट सांगते” असे म्हणावे आणि पान संपताच खरोखरच गोष्ट सांगावी, शब्द पाळला जातो हे कळले की मूल थांबायला शिकते.

चवथीच्या दिवसांत, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळे-भाज्यांची आरास) बांधण्यापासून विसर्जनापर्यंत, मी प्रबंधाला हात लावत नाही. एरवी संध्याकाळी सासूबाई नातीला देवळात नेतात, तेव्हा भांडी तशीच ठेवून मी एकटी फिरायला जाते. तो अर्धा तास मी कोणत्याही कामाला देत नाही.