पाच कार्डांवर का थांबलो नाही

"पाच कार्डांत चालत होतं ना? मग कशाला वाढवत बसलात?" माझं आरसी २०१४, म्हणजे किट आणून घरी सोल्डर केलेला छोटा संगणक, ज्यांनी पाहिलंय त्यातल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी विचारलंय. काहींनी आपुलकीनं, काहींनी 'तरी सांगत होतो'च्या सुरात. आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगतो.

किटची ओळख थोडक्यात. स्पेन्सर ओवेनचं डिझाइन, झेड-८० हा जुना आठ बिटांचा प्रोसेसर, आणि बॅकप्लेन, म्हणजे खाचांची पाटी, जिच्यात एकेका कामाची कार्डं बसतात. माझी पाच कार्डं म्हणजे सीपीयू (झेड-८० तो हाच), त्याला ताल देणारा क्लॉक, ३२ केची रॅम, बेसिक ही भाषा भरलेला रॉम आणि लॅपटॉपशी बोलणारं सिरीयल. क्लॉक ७.३७२८ मेगाहर्ट्झ असा अडनिडा का, तर त्याला ६४ नं भागलं की बरोबर ११५२०० येतात, म्हणजे सिरीयलचा वेग. हे ज्या रात्री माझं मला उमगलं, त्या रात्री मी घरात उगाच येरझाऱ्या घालत होतो. कॉलेजात ८०८५ प्रोसेसरच्या किटवर हेक्स कीपॅड बडवून दोन आकड्यांची बेरीज केली होती. ती का होते हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथं मात्र तार न् तार ओळखीची झाली होती. त्या भरात सगळ्यांना सांगत सुटलो, की आता याला हात लावणार नाही. वेग हवा असेल तर लॅपटॉप आहे.

असं सांगणारा तो मी चुकीचा नव्हता, पण थोडा खोटारडा होता. तार न् तार कसली? पुस्तिकेत दाखवलंय तिथं सोल्डर लावलं, झालं. सीपी/एम ही डॉसच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम चालवायचं मनात आलं तेव्हा कळलं, की मेमरीच्या शून्य पत्त्यावर रॉम ठाण मांडून बसलाय आणि सीपी/एमला नेमकी तिथंच रॅम लागते. म्हणजे ६४ केची रॅम आली, हुकूम मिळताच बाजूला सरकणारा रॉम आला, डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅशचं कार्ड आलं, आठ खाचांची बॅकप्लेन आली. आणि इतकी कार्डं लॅपटॉपच्या यूएसबीवर कशाला लादायची म्हणून पाच व्होल्टचा वेगळा अडॅप्टर आला. हा अडॅप्टर लक्षात ठेवा.

मे २०२४. रात्रीचे साडेअकरा. रॅमचं कार्ड खाचेत बसवलं. या खाचांना चुकीचं बसू नये म्हणून काही अडसर नसतो, सरळ चाळीस भोकं. कार्ड एका पिनेनं सरकून बसलं. चाळिसावी पिन बाहेर लोंबकळत होती, पण ती मागच्या बाजूला, अंधारात. सतरावी पिन ग्राउंडची, अठरावी पाच व्होल्टची, एकोणिसावी एम-वनची (सीपीयू नवी आज्ञा आणायला लागला की खाली जाते ती तार). म्हणजे माझ्या कार्डाच्या ग्राउंडला मिळाले पाच व्होल्ट, आणि पाच व्होल्टची पिन जाऊन टेकली सीपीयूच्या एम-वनवर. वीज उलटी. लॅपटॉपचं यूएसबी असतं तर बहुधा त्यानं कुरकुर करून पोर्ट बंद केला असता. अडॅप्टरनं मुकाट्यानं दिलं, जेवढं मागितलं तेवढं.

"बाबा, कसला वास येतोय?" मुलगी आतून म्हणाली. मी रॅमच्या चिपवर बोट ठेवलं आणि फोड घेऊन उचललं.

नवी रॅम घातली. मशीन गप्प. मग केबल बदलली, सिरीयलची चिप बदलली. शेवटी सगळं काढून मूळची पाच कार्डं जुन्या बॅकप्लेनवर लावली, आणि तीही गप्प. त्या रात्री मी खरोखर रडवेला झालो होतो, आता लपवून काय उपयोग. अकराव्या रात्री लॉजिक प्रोब (तार वर आहे की खाली, म्हणजे एक की शून्य, ते दाखवणारी कांडी) घेऊन एकेक पिन तपासायला बसलो. क्लॉक चालू. अ‍ॅड्रेस लाइनी लुकलुकतायत. एम-वन तेवढी खाली अडकलेली, म्हणजे सीपीयूची ती पिन त्या रात्रीच गेली होती. सिरीयलचं कार्ड एम-वन वरच्या पातळीला असल्याशिवाय ऐकतच नाही. म्हणजे अकरा रात्री सीपीयू बहुधा आत बेसिक चालवत होता, मला 'मेमरी टॉप?' हा बेसिकचा पहिला प्रश्न विचारायला बघत होता, आणि त्याचा आवाज बाहेर पोचत नव्हता.

आता सांगा, पाच कार्डांवर थांबलो असतो तर एम-वन म्हणजे काय हे मला कधी कळलं असतं? (हा युक्तिवाद बायकोपुढे केला होता. ती म्हणाली, घर जळलं असतं तर वायरिंगही कळलं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.)

नवा सीपीयू मिळवणं हे आणखी एक प्रकरण. १९७६ पासून चालत आलेली झेड-८० बंद करतोय आणि १४ जूनपर्यंतच ऑर्डर घेऊ, असं ती बनवणाऱ्या झिलॉगनं एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं, त्यामुळे जो तो साठा करत होता. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकानं "काका, आर्डुइनो देऊ का?" विचारलं, म्हणजे आजकालचा तयार बोर्ड. दुसऱ्यानं माळ्यावरून धुळीनं भरलेली झेड-८०ए काढून दिली. चार मेगाहर्ट्झची. तिला माझा क्लॉक झेपणारा नव्हता, म्हणून क्रिस्टल बदलून ३.६८६४ चा घातला. वेग निम्मा, सिरीयल ५७६००. वाढवायला निघालो होतो आणि निम्म्यावर आलो.

सीपी/एम पुढे चाललं. 'ए' आणि बाण, म्हणजे 'हुकूम द्या' असं सांगणारी त्याची खूण, उमटला तेव्हा आनंद झाला, पण येरझाऱ्या घालण्याइतका नाही. नंतर पडद्यासाठी रास्पबेरी पाय झीरो या चिटुकल्या संगणकाचं कार्डही घेतलं. एक गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी, आणि काम काय, तर माझ्या मशीननं पाठवलेली अक्षरं काढणं. हसा, माझी हरकत नाही. 'वेग हवा तर लॅपटॉप आहे' म्हणणारा तो मीही हसतोच आहे. त्याला अजून पटवता आलेलं नाही.

दहा मेगाहर्ट्झची नवी झेड-८० खणात पडून आहे. लावलेली नाही. सात खाचा भरल्यात, आठवीत आवाजाचं कार्ड घ्यावं की नाही ते ठरत नाही. पण मुलीच्या नेलपॉलिशनं प्रत्येक खाचेच्या पहिल्या भोकापाशी लाल ठिपका दिलाय, तेव्हा आठवीलाही देऊन ठेवलाय.