एकोणतीस कुठून आला?

२०१९च्या ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही जर्मनीतलं श्टुटगार्ट सोडून सांगलीला आलो. तिकडे पहिलीचा वर्ग जुलैअखेरीला संपतो, इकडे दुसरी जूनच्या मध्यालाच सुरू झालेली. म्हणजे लेक आल्या दिवसापासून दीड महिना मागे.

आधी ज्या शाळेत गेले तिथल्या क्लार्कनी हात पुढे केला, "शाळा सोडल्याचा दाखला?" माझ्याजवळ होता तो तिच्या वर्गशिक्षिकेनं लिहिलेला जर्मन अहवाल. तिकडे पहिलीला मार्क नसतात, मजकूर असतो: गोष्ट ऐकताना सतत पाय हलवते, पण शेवट सगळ्यांच्या आधी ओळखते, वगैरे. मी घरीच त्याचं मराठी करून नेलं होतं. त्यांनी कागद उलटून पाहिला. "जनरल रजिस्टर नंबर?" नाही. "बरं, टक्के किती?" तेही नाहीत. "मग सोमवारी या."

सोमवारी कृष्णाच शहरात आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. माझं माहेर विश्रामबागेत, म्हणून आम्ही कोरडे. गावभागातले नातलग आमच्याकडे आले, घरात अकरा माणसं झाली आणि लेकीला वाटलं, सांगलीत रोज असंच असतं.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, हसल्या. "सात वर्षांची ना? मग दुसरी. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्ग आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून पोरीला घरी बसवता येत नाही." अर्जात जन्मस्थळाला तीन रकाने: गाव, तालुका, जिल्हा. मी तालुक्यापुढे रेघ मारली. तिथल्या क्लार्कनी ती खोडून पुन्हा 'श्टुटगार्ट' लिहिलं. रकाना मोकळा ठेवायचा नसतो म्हणे.

कागदांचं मिटलं. घरात पेटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तिकडे शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की मुलांना एकटं चालत पाठवा, असं शाळाच सांगते. लेक सहाव्या वर्षी शेजारच्या मैत्रिणीबरोबर, गळ्यात चमकणारा पिवळा पट्टा घालून, दोन रस्ते ओलांडून जायची. हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला. "एवढंसं लेकरू रस्त्यावर सोडलंस?" मी वाद घालायला गेले, पण मिरज रोडवर मलाच रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागतात. रिक्षा लावली. लेक दोन दिवस फुगून बसली, "मी काय बाळ आहे?" तिसऱ्या दिवशी रिक्षावाल्या काकांच्या शेजारची जागा मिळाली आणि राग गेला. मी तिला कधीच शिकवले नसते असे बरेचसे मराठी शब्द तिनं त्याच रिक्षात मिळवले.

त्या वर्षी दुसरीचं गणिताचं पुस्तक नवं होतं. त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचायला दिलं होतं आणि त्यावरून महाराष्ट्रभर रणकंदन चाललेलं. आमचे बाबा बिनीचे शिलेदार. ते रोज पेपर आपटायचे, "उद्या बावीसला वीस दोन म्हणणार का?" लेकीनं शांतपणे त्यांचीच बाजू घेतली. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'आइनउंडत्स्वान्त्सिश', एक आणि वीस. आधी एक, मग वीस. "आजोबा, एकवीसच बरोबर आहे." बाबांनी हे अख्ख्या कॉलनीला सांगितलं.

त्यांचा आनंद अठ्ठावीसपर्यंत टिकला.

"एकोणतीस? यात तीस कुठून आला? अजून वीसच चाललेत ना?" तिच्या हिशोबानं तिथे नऊ आणि वीस हवे होते. बाबांनी समजावलं, तीसला एक उणा म्हणून एकोणतीस. तिनं पुस्तकात बोट ठेवलं, "इथे वीस नऊ लिहिलंय. मला हे चालेल." बाबा गप्प. मग हट्टानं एकोणचाळीस, एकोणपन्नास करत तिला एकोणनव्वदपर्यंत नेलं. तिला ते पटलं, आवडलंही.

"मग नव्याण्णव का? एकोणशंभर का नाही?"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि तिला बेचा पाढा म्हणायला लावला.