फेरिक थायोसायनेट आणि बोअरचं पाणी

अकरावीला रासायनिक समतोल, म्हणजे पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू असणं, दाखवायचा तर मी फेरिक थायोसायनेटच घेतो. सामान थोडं लागतं. आपल्याकडे हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक पाण्यापायी.

100 मिली पाण्यात 0.1 ग्रॅम फेरिक क्लोराइड आणि 1 मिली सौम्य नायट्रिक आम्ल. दुसऱ्या 100 मिलीत 0.1 ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट. दोन्ही क्षार हवेतलं पाणी ओढतात, पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की फेरिक क्लोराइडचा चिखलच होतो. वजन झटपट करा. मग दोन्हीतलं 5-5 मिली आणि वर 20 मिली पाणी. फेरिक (म्हणजे लोह) आणि थायोसायनेट जुळून फेरिक थायोसायनेट बनतं आणि नारिंगी-लाल रंग येतो. तो पाच परीक्षानळ्यांत वाटायचा, पहिली तुलनेसाठी तशीच ठेवायची.

पाणी बोअरचं नको. त्यातलं बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतं, फेरिकचं हायड्रॉक्साइड होतं आणि लालऐवजी गढूळ पिवळट-तपकिरी दिसतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइडही असतं, तेही फेरिकला धरून बसतं. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, तो आणा. आणायला पोरगा पाठवलात तर 'ॲसिड नको' हे बजावून सांगा.

दुसऱ्या नळीत फेरिक क्लोराइडचा मोहरीएवढा खडा, तिसरीत थायोसायनेटचा. दोन्हीकडे रंग गडद होतो, म्हणजे दोन्ही पदार्थ अजून शिल्लक होते. रंग स्थिरावला होता तेव्हाही अभिक्रिया जेवढी पुढे तेवढीच मागे चालू होती. थेंबांऐवजी खडा अशासाठी, की पातळ द्रावणाने नळीतलं मिश्रणही पातळ होतं आणि फरक कळत नाही.

चौथीसाठी डीएपी हे फॉस्फेटचं खत, कापूसवाल्याच्या घरी पोतं असतंच. आठ-दहा दाणे अर्धा कप पाण्यात विरघळवून गाळा आणि थेंब थेंब घाला. फॉस्फेट फेरिकला ओढून घेतं, लाली उतरते, कधी पांढरट साकाही दिसतो. फेरिकचा खडा टाकला की लाली परत येते. डीएपी जास्त पडलं असेल तर मात्र येत नाही.

पाचवी नळी 70 अंशांच्या पाण्यात. हे संयुग बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवलं की रंग फिकतो आणि गार केलं की गडद होतो. एप्रिलात नळाच्या पाण्यावर विसंबू नका, बर्फ आणा.

उरलेलं द्रावण ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत ओतू नका, थायोसायनेट आणि क्लोरीनमधून विषारी वायू होऊ शकतो.