अहवाल मागविण्यात आला आहे

धाकट्या भावाला पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून मारलं, म्हणून मानवी हक्क आयोगाकडे गेलो. तक्रार करणं सोपं. वकील नको, फी नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. केस नंबर पडला तेव्हा मी चार लोकांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग ते वाक्य आलं: ‘संबंधित विभागाकडून अहवाल मागविण्यात आला आहे.’ संबंधित विभाग म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचेच साहेब. मुदत टळली. स्मरणपत्र गेलं. नवी मुदत. ऑनलाइन बघावं तर तेच वाक्य. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात कलम 17 आहे. मुदतीत अहवाल आला नाही तर आयोगाला स्वतः चौकशी सुरू करता येते. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकारही आहेत. एवढं हाताशी असून नुसती स्मरणपत्रं?

आणि तोवर ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जायची वेळ येते. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते 18 महिने, निदान वर्षभर तरी जपायला सांगितलंय. गंभीर मारहाणीच्या तक्रारीत आयोग ते लगेच मागवू शकतो, हेही त्याच निकालात आहे. मग तक्रार नोंदली त्याच दिवशी आधी चित्रण ताब्यात घ्या, अहवाल सावकाश येऊ दे! तारीख-वेळ घालून मी तक्रारीतच ते मागितलं होतं. शेवटी अहवाल आला: आरोप निराधार, चित्रण तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही.

त्या अहवालाची प्रत म्हणणं मांडायला आपल्याकडे येते. ती नुसती वाचून ठेवू नका. गप्प बसलात तर प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे फाइल बंद. मी परिच्छेदवार उत्तर दिलं, सोबत त्याच सकाळचा सरकारी दवाखान्याचा कागद जोडला. त्या कागदानंच काम केलं. तेव्हा मार लागला असेल तर आधी दवाखाना, मग बाकीचं.

हो, घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेत नाहीत. आणि विषय कोर्टात चालू असेल तर अर्ज बहुधा परतच येतो.

नुकसानभरपाईची शिफारस झाली. शिफारसच ती, आदेश नव्हे. सरकारनं महिन्यात उत्तर द्यायचं असतं, पण आयोग मुदत वाढवून देऊ शकतो. दिलीच. त्यावरचा माझा अर्ज सध्या टायपिंगला आहे.